शाळेंतील दुकान आणि नफ्याचा हिशेब

व्यापार पुस्तकांतून शिकतां येतो कीं नाहीं, हा वाद जुना आहे; आणि ज्यांस व्यापार करावयाचाहि नसतो व शिकवावयाचाहि नसतो, अशा लोकांतच तो बहुधा अधिक रंगतो. एक पक्ष म्हणतो, पाण्यांत पडल्यावांचून पोहणें येत नाहीं, तसा दुकानांत बसल्यावांचून व्यापार येत नाहीं. सबब मुलांच्या हातीं चार पैसे देऊन त्यांस लहानपणींच बाजारांत उभें करावें. दुसरा पक्ष म्हणतो, शाळा हें सरस्वतीचें मंदिर आहे. तेथें तागडी नेऊन टांगण्याची घाई कशाला? बाजार तर पुढें जन्मभर आहेच. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे; परंतु मुख्य प्रश्न दोघांच्याहि हातून निसटून जातो, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. मूल हातानें व्यापार करूं लागलें म्हणजे व्यापाराबरोबर तें आणखी काय शिकतें, हा तो प्रश्न होय. तो आम्हांस ग्रंथवाचनानें सुचला नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें सुचला. म्हणून ती चूक प्रथम सांगून टाकतों.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या गांवच्या एका हायस्कुलांत नववीच्या मुलामुलींचा ‘आनंदबाजार’ भरला होता. महाराष्ट्रांतील शाळांतून असे बाजार आतां ठिकठिकाणीं भरतात, आणि वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या नातवंडांच्या हातची भेळ तेथें दाम मोजून खाल्लीहि असेल. मुलांनीं आपापल्या टोळ्या करावयाच्या, भांडवल जमवावयाचें, माल आणावयाचा किंवा बनवावयाचा, दर ठरवून तो विकावयाचा व सायंकाळीं जमाखर्च परीक्षकांपुढें ठेवावयाचा, असा क्रम होता. ज्या टोळीस सर्वांत अधिक नफा होईल तिला पांचशें एक रुपयांचें बक्षीस होतें. परीक्षक म्हणून शाळेनें आम्हांस कां बोलाविलें तें शाळेस ठाऊक. कारण आमचा व्यापाराशीं संबंध महिन्याच्या किराण्याच्या यादीपलीकडे कधीं गेलेला नाहीं.

पांच मुलींच्या एका टोळीनें बटाटेवडे विकले होते. विक्री १८४० रुपये. पाव, कागदी बश्या, चटणीचें साहित्य व दुकानाची रंगीत पाटी मिळून खर्च ४२० रुपये. नफा १४२० रुपये. कोपऱ्यांत तीन मुलांनीं पेरूंचें दुकान मांडलें होतें. त्यांची विक्री ११५० रुपये, खर्च १०१० रुपये व नफा अवघा १४० रुपये. आम्हीं सगळ्या वह्यांची शेवटची ओळ तेवढी पाहिली, मुलींस बक्षीस दिलें, उद्यमशीलतेवर दहा मिनिटें भाषण केलें, आणि एक वडा खाऊन प्रसन्न चित्तानें घरीं आलों.

चार दिवसांनीं त्यांतील एका मुलीची आई मंडईंत भेटली. आम्हीं मोठ्या उत्साहानें मुलीचें कौतुक केलें. ती हंसून म्हणाली, “नफा कसला हो काका! पाच किलो बटाटे, तीन किलो डाळीचं पीठ, दोन लिटर तेल, सगळं घरातलंच गेलं. शिवाय मी आणि शेजारच्या वहिनी पहाटे चारपासून नऊपर्यंत ओट्यापाशी उभ्या होतो. पण असू दे, पोरींना बक्षीस मिळालं, आनंद झाला.” तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता, आणि नव्हता म्हणूनच तें बोलणें आमच्या मनांतून जाईना.

घरीं येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. बटाटे, पीठ, तेल, मसाला व गॅस यांची किंमत बाजारभावानें ८५० रुपये धरली. ती मूळच्या ४२० रुपयांत मिळविली असतां खर्च १२७० रुपये झाला व नफा ५७० वर आला. दोन बायांचे पांच-पांच तास म्हणजे दहा तास. तासास साठ रुपये, म्हणजे आमच्या गांवांत स्वयंपाकास येणारी बाई ऐकतांच परत फिरेल इतकी थोडी मजुरी धरली, तरी तिचे सहाशें होतात. एवंच पांचशें एक रुपयांचें बक्षीस मिळविणाऱ्या त्या दुकानास वस्तुतः तीस रुपये तोटा झाला होता. मुलांनीं स्वतःचे श्रम कोठेंच धरलेले नव्हते. परंतु तें सर्वच टोळ्यांस सारखें लागू असल्यामुळें ती शिकण्याची फी समजून आम्हींहि सोडून दिली.

दुसऱ्या दिवशीं शाळेंत जाऊन आम्हीं पेरूवाल्या मुलांची वही मागून घेतली व या वेळीं ती पहिल्या ओळीपासून वाचली. मार्केट यार्डांतून आणलेले पेरू २५ किलो, दर ३२ रुपये, एकूण ८००. रिक्षाभाडें १२०. कागदी पिशव्या, मीठ व मिरची मिळून ८०. आणि त्याखालीं, ‘आजीला, तिखटमीठ कुटल्याबद्दल, १०’. सर्वांत शेवटीं एक ओळ होती: ‘२ किलो पेरू डागी निघाले. विकले नाहीत.’ विक्रीचा दर किलोस पन्नास रुपये होता. म्हणजे त्या एका ओळीची किंमत शंभर रुपये होती. वही लिहिणाऱ्या मुलाचे वडील हातगाडीवर फळें विकतात, असें शिक्षकांनीं सांगितलें. डागी पेरू पिशवींत तळाशीं कसे घालतात, हें त्या मुलास ठाऊक नसेल असें मानणें कठीण आहे.

येथें कोणी कोणास फसविलें असें नाहीं. मुलींनीं खोटा हिशेब लिहिला नव्हता. विचारलें तेवढें त्यांनीं लिहिलें. शिक्षकांनींहि मोठ्या हौसेनें खटपट केली होती. चूक आमची होती, व ती बेरीज-वजाबाकीची नव्हती. त्या सायंकाळीं दीडशें मुलांच्या समक्ष आम्हीं असा धडा दिला कीं, जितका खर्च दुसऱ्याच्या माथीं टाकतां येईल तितका आपला नफा अधिक, आणि अधिक नफा तेंच कर्तृत्व. हा धडा जगांतील पुष्कळ मोठ्या कारखान्यांस तोंडपाठ आहे. त्यांचा धूर शेजाऱ्यांच्या छातींत जातो, सांडपाणी नदींत जातें, आणि ताळेबंदांत मात्र नफा तेवढा येतो. तो धडा चौदा वर्षांच्या मुलांस, टाळ्यांच्या गजरांत, सरस्वतीच्या तसबिरीखालीं शिकविण्याचें काम आमच्या हातून झालें.

हें ऐकून दुसरा पक्ष म्हणेल, “आम्ही सांगत नव्हतों? व्यापार पुस्तकांतूनच शिकवावा हें बरें.” त्या पक्षासहि उत्तर दिलें पाहिजे. महाराष्ट्रांत अकरावी-बारावीच्या वाणिज्यशाखेंत ‘पुस्तपालन व लेखाकर्म’, ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ आणि ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ असे विषय आहेत. हेन्री फेयॉल या फ्रेंच खाणतज्ज्ञानें सांगितलेलीं व्यवस्थापनाचीं चौदा तत्त्वें आमचीं मुलें क्रमानें म्हणून दाखवितात, आणि व्यवसायाच्या सामाजिक जबाबदाऱ्याहि मुद्देसूद लिहितात. या शिक्षणास आम्ही हंसत नाहीं; कीर्द आणि खतावणी यांतील भेद ज्यास कळत नाहीं त्यानें दुकान मांडूं नये हें उघड आहे. परंतु पुस्तकांतील सचोटी फुकटची असते. ग्राहकाशीं प्रामाणिक असावें असें उत्तरपत्रिकेंत लिहिणाऱ्या मुलाचा त्यांत एक रुपयाहि जात नाहीं. उलट गुण मिळतात. ‘विकले नाहीत’ हे दोन शब्द लिहिणाऱ्या मुलाचे शंभर रुपये गेले. सचोटीस किंमत पडते, आणि ती किंमत कोणी तरी मोजावी लागते, ही गोष्ट पुस्तक सांगूं शकतें. मोजावयास लावूं शकत नाहीं.

मग जुनी उमेदवारीची पद्धति चांगली होती काय? पूर्वी व्यापाऱ्याचा मुलगा पेढीवर गादीशेजारीं बसून व्यापार शिकत असे. वडिलांनीं गिऱ्हाइकाशीं कसें बोलावें, उधारी कोणास द्यावी, कोणास देऊं नये, रोजमेळ कसा जुळवावा, हें तो पाहून पाहून उचली. परंतु माप कसें मारावें व गरजू कुळाच्या अंगठ्याचा उपयोग कसा करावा, हेंहि कित्येक ठिकाणीं तो त्याच गादीवर शिके. गादी तीच, गुरु तोच, पद्धति तीच; एकीकडून सचोटीचा व्यापारी बाहेर पडे व दुसरीकडून लबाड. यावरून हातानें शिकण्याच्या पद्धतींत स्वतःची अशी कांहीं नीति नाहीं, हें दिसून येतें.

हें सत्य ॲरिस्टॉटलनें फार पूर्वीं ओळखलें होतें. घर बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसाच न्यायानें वागून तो न्यायी होतो, हें त्याच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांतलें म्हणणें प्रसिद्ध आहे, व ‘करून शिका’ असें सांगणारे लोक त्याचा आधार घेतात. परंतु तेथेंच त्यानें जो इशारा दिला आहे तो बहुधा कोणी सांगत नाहीं. वाद्य वाजवून जसे चांगले वादक तयार होतात, तसेच वाईट वादकहि वाजवूनच तयार होतात. आणि लोकांशीं देवघेव करतांकरतांच कांहीं माणसें न्यायी बनतात व कांहीं अन्यायी. तसें नसतें तर गुरूची जरूरच पडली नसती, असें तो म्हणतो. हाताला जें वळण लागतें तें मनाला लागतें. म्हणून वळण कोणतें लागत आहे याकडे पाहणारें माणूस जवळ हवें. आमच्या आनंदबाजारांत तें माणूस आम्ही होतों, आणि आम्हीं शेवटची ओळ तेवढी वाचली.

व्यापार हा नीतीचा वैरी आहे, असें मानण्याची चाल आपल्याकडे सुशिक्षितांत आहे. ती मात्र आपल्या परंपरेशीं जुळत नाहीं. महाभारताच्या शांतिपर्वांत जाजलि नांवाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला कीं, पक्ष्यांनीं त्याच्या जटांत घरटें केलें. त्यास आपल्या तपाचा गर्व झाला, तेव्हां धर्म समजून घ्यावयाचा असेल तर काशींतील तुलाधार वाण्याकडे जा, असें त्यास सांगण्यांत आलें. दुकानांत माल विकीत बसलेल्या त्या वाण्यानें जाजलीस जो धर्म सांगितला, त्याचें सार त्याच्या तागडींतच होतें: ती सर्वांस सारखी होती. कौटिल्यानें तर नफ्याचीहि मर्यादा घातली आहे. देशी मालावर शेंकडा पांच, परदेशी मालावर शेंकडा दहा, आणि त्याहून अधिक घेणाऱ्यास दंड. या नियमानें पाहतां पेरूवाल्या मुलांचा नफा खर्चाच्या शेंकडा चौदांजवळ जात असल्यामुळें तेहि दंडास पात्र झाले असते. मग कागदोपत्रीं शेंकडा तीनशें अडतीस नफा दाखविणाऱ्या दुकानास व त्यास बक्षीस देणाऱ्या परीक्षकास काय शासन झालें असतें, याची कल्पनाच केलेली बरी.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. तो सर्वांस एकच भाव सांगतो. लहान मूल एकटें आलें तरी त्यास फसवीत नाहीं. परंतु असें केल्यानें गिऱ्हाईक टिकतें, एवढ्याच हिशेबानें तो प्रामाणिक असेल, तर त्याचें वर्तन योग्य असलें तरी त्यास नैतिक मोल नाहीं, असें कांट म्हणतो. आमच्यापुढील प्रश्नांत गिऱ्हाईक मूल नसून दुकानदारच मूल आहे, आणि तें उद्यां सकाळीं दुकान बंद करून वर्गांत जाऊन बसणार आहे. त्याचें गिऱ्हाईक टिकावयाचें नाहीं, नांव राहावयाचें नाहीं. डागी पेरू विकले तरी उद्यां कोणी विचारावयास येणार नाहीं. प्रामाणिकपणाचा जेथें कांहींच फायदा नाहीं असें दुकान कांटला शोधूनहि सांपडलें नसतें. तें शाळेंत आपोआप उभें राहतें. म्हणूनच शाळेंतील दुकान हें नीति शिकण्याचें विलक्षण स्थान आहे, आणि म्हणूनच अनीति शिकण्याचेंहि.

मुलांकडून खरा उद्योग करवून शिकविण्याचे प्रयोग नवे नाहींत. १९१९ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही संस्था निघाली. तिच्या पद्धतींत मुलें लहानशी कंपनी काढतात, भाग विकून भांडवल जमवितात, माल बनवून विकतात व अखेरीस कंपनी मोडून भागधारकांचा हिशेब चुकता करतात. त्याच १९१९ सालीं सातारा जिल्ह्यांतील काले येथें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढें ‘कमवा व शिका’ हें तिचें सूत्र झालें. एकाच वर्षीं निघालेल्या या दोन संस्थांत मुलांस उद्योगास लावण्याचा हेतु मात्र सारखा नव्हता. तिकडे उद्योग कसा चालतो हें मुलास कळावें हा हेतु होता. इकडे गरीब रयतेच्या मुलानें कोणापुढें हात न पसरतां, स्वतःच्या श्रमाच्या बळावर शिकावें हा होता. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम काढला. तेथून हायस्कुलांत पसरलेल्या शिक्षणक्रमांत मुलें गांवकऱ्यांचीं खरीं कामें मोबदला घेऊन करूं लागलीं. दिल्ली सरकारनें २०२१ सालीं अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस धंदा काढून पाहण्यासाठीं दर विद्यार्थ्यामागें दोन हजार रुपये बीजभांडवल देण्याची योजना सुरू केली.

या सर्वांत वर्धायोजनेचा वाद आजहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मुलांच्या हस्तोद्योगाच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा, असा विचार गांधीजींनीं १९३७ सालीं मांडला. त्यावर अशी टीका झाली कीं, यानें शाळेचा कारखाना व मुलाचा मजूर होईल. ती टीका केवळ विरोधकांची नव्हती. योजनेचा अभ्यासक्रम आंखणाऱ्या झाकिर हुसेन समितीनेंहि आपल्या अहवालांत, उत्पन्नावर भर देतांदेतां शिक्षणाच्या हेतूचा बळी जाण्याचा धोका स्पष्ट शब्दांत दाखविला होता. धोका कोठें आहे तें यावरून कळतें. मूल काम करतें यांत धोका नाहीं. त्याच्या कामाच्या उत्पन्नावर शिकविणाऱ्याची नजर जाते, तेथें तो सुरू होतो. शिक्षकाचा पगार असो कीं शाळेची कीर्ति असो, मुलाच्या नफ्यांत शिकविणाऱ्याचा वांटा निर्माण झाला म्हणजे नफा कसा झाला हें विचारणें त्यास अवघड जातें. आमचाहि त्या दिवशीं एक वांटा होता. यशस्वी समारंभाचा अध्यक्ष होण्याचा मान आम्हांस हवा होता, आणि दीडशें रुपयांहून कमी नफ्यावर भाषण रंगलें नसतें.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. त्या मुलींच्या वर्गशिक्षिकेस आम्हीं सर्व हकीकत सांगितली, व बक्षीस परत न घेतां दोन्ही वह्या वर्गांत वाचून दाखवाव्या अशी विनंती केली. त्यांनीं ती मान्य केली व आम्हांसहि बसवून घेतलें. वडेवाल्या मुलींनीं फळ्यावर आपला हिशेब आपणच नव्यानें मांडला. बटाटे, तेल, पीठ लिहून झालें, पुढें दोन बायांच्या दहा तासांची ओळ आली, तेव्हां त्यांतील एक मुलगी खडू हातांत धरून थांबली व म्हणाली, “बाई, पण आईला पैसे द्यायचे असतात का?”

वर्ग हंसला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. आमच्या सगळ्या हिशेबावरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्या मुलीनें एका वाक्यांत घेतला होता. आईच्या श्रमास दर लावणें म्हणजे तिच्या मायेस दर लावणें नव्हे काय? प्रत्येक गोष्टीची किंमत करावयास शिकलेलें मूल उद्यां घरांतहि तागडी घेऊन बसलें तर? शाळेंत तागडी नको म्हणणाऱ्या पक्षाचें खरें भय हेंच आहे, व तें पोकळ नाहीं.

त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मागाहून जें सुचलें तें असें. मोजणें आणि फेडणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धति १४९४ सालीं व्हेनिस येथें लुका पाचिओली या संन्यासी गणितज्ञानें छापील ग्रंथांत प्रथम विस्तारानें मांडली. आमच्याकडे ती मुलांस शिकवितांना सांगतात कीं, घेणाऱ्याच्या नांवें लिहावें व देणाऱ्याच्या जमेस लिहावें. हा नियम मुलें परीक्षेपुरता पाठ करतात. पण त्यांत एक मोठा विचार दडलेला आहे. जें आपणांस मिळालें तें कोणी तरी दिलेलें असतें. देणाऱ्याचें नांव लिहिल्यावांचून घेणाऱ्याची नोंद पुरी होत नाहीं. आमच्या पूर्वजांनीं देव, ऋषि व पितर यांचीं तीन ऋणें मानलीं. त्यांतलें कोणतें ऋण कोणी पैसे मोजून फेडीत नाहीं. परंतु तें आहे हें विसरण्याची मुभाहि कोणास नाहीं. आईचे पांच तास वहींत लिहिणें म्हणजे तिला मजुरी देऊन वाटेस लावणें नव्हे. ते न लिहिणें म्हणजे मात्र ते झालेच नाहींत असें म्हणणें आहे. माया फुकट मिळते हें खरें. पण फुकट मिळालेल्या गोष्टीस आपला नफा म्हणणें ही माया नव्हे, विसर आहे.

तुकोबांच्या चरित्रांतील एक प्रसंग येथें आठवतो. वाण्याच्या घराण्यांत जन्मलेल्या त्या संतानें घरांतील कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, अशी परंपरागत कथा आहे. परंतु बुडविण्यापूर्वीं त्यांनीं भाऊ कान्होबाचा अर्धा वांटा वेगळा काढून त्यास दिला व फक्त आपला अर्धा नदींत टाकला, असेंहि तीच कथा सांगते. विरक्तीच्या त्या क्षणींहि दुसऱ्याचें काय व आपलें काय, हा हिशेब चुकला नाहीं. ज्यास हिशेब नीट मांडतां येतो त्यासच तो योग्य जागीं सोडतांहि येतो. हिशेब न मांडतां केलेलें औदार्य पुष्कळदां दुसऱ्याच्या पैशानें केलेलें असतें.

म्हणून आमचें मत असें बनलें आहे कीं, हायस्कुलांतील मुलांनीं हातानें व्यापार करावा, जरूर करावा; मात्र त्याचें माप नफ्याच्या आंकड्यानें घेऊं नये. भांडवल खाऊचे पैसे म्हणून न देतां कर्ज म्हणून द्यावें व तें परत घ्यावें, म्हणजे बुडणारा पैसा कोणाचा हें मुलास कळेल. घरून आलेली प्रत्येक वस्तु आणि घरच्या माणसाचा प्रत्येक तास बाजारभावानें वहींत चढवावा. तोटा झाल्यास तो आईबापांनीं गुपचूप भरून देऊं नये. तसें केलें तर सधन घरच्या मुलास तोटा म्हणजे काय हें कधीं कळत नाहीं, आणि हातगाडीवाल्याच्या मुलास तें जन्मापासून ठाऊक असतें. एका बांकावर बसून दोघे दोन भिन्न व्यापार शिकतात. आणि बक्षीस द्यावयाचेंच असेल तर तें सर्वांत खऱ्या वहीस द्यावें, मग तिच्या शेवटच्या ओळींत नफा असो वा तोटा असो. परीक्षकास सगळी वही वाचावी लागेल, एवढाच यांत त्रास आहे. आणि तो त्रास चुकविणाऱ्यानें परीक्षक होऊं नये, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

कोणी म्हणेल, चौदा वर्षांच्या मुलांस हें ओझें जड होईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांच्यांतील एकानें कोणी न सांगतां, बक्षीस जाईल हें डोळ्यांसमोर दिसत असतांहि आजीचे दहा रुपये लिहिले होते. जड झालें तें आम्हांस.

त्या दिवशीं वर्गांत पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. वर्गशिक्षिकेनें मुलीच्या प्रश्नास उत्तर दिलें नाहीं. “तूच ठरव” एवढेंच त्या म्हणाल्या. मुलगी थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग तिनें खर्चाखालीं दोन ओळी लिहिल्या: ‘आईच्या जमेस ३००. शेजारच्या काकूंच्या जमेस ३००.’ बेरीज करून तीस रुपये तोटा मांडला, व खडू ठेवून जागेवर जाऊन बसली. ते सहाशें रुपये दिले गेले कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. पेरूवाला मुलगा मागच्या बांकावर होता. वर्ग सुटल्यावर आम्ही त्याच्याजवळ गेलों आणि बक्षिसाबद्दल आमची चूक झाली असें त्यास सांगितलें. तो अवघडून उभा राहिला, आणि म्हणाला, “असू द्या सर. पण पुढच्या वर्षी डागी माल आधीच बघून घेतो. यार्डात घाई केली मी.”

त्याच्या हिशेबांत चूक होती ती एवढीच, आणि ती त्यानें आपल्याच नांवें लिहिली होती.